माजाचा एक दिवस

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा. करड्या लाटा, मधोमध एक काळा गोल ठिपका.]

हा काळा ठिपका जरा नीट पाहा. डॉक्टर याला फॉलिकल म्हणतात. हे एका गेंड्याच्या मादीचं अंडाशय आहे आणि त्या ठिपक्यात तिचं बीजांड वाढतंय. ठिपका दोन सेंटिमीटरच्या आसपास पोचला की मादी माजावर येते आणि नराला जवळ येऊ देते. एक दिवस, फार तर दीड दिवस. त्याच्या आधी नर समोर आणला तर दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. तो दिवस हुकला, तर पुढचे तीन आठवडे नुसतं थांबायचं.

सांगायला ही दोन-चार वाक्यं लागली. कळायला मात्र पंधरा वर्षं जवळजवळ गेली, आणि तेवढ्या काळात पकडून आणलेले गेंडे एकामागून एक मरत होते.

[दृश्य: दाट पावसाळी जंगल. चिखलात लोळणारा, अंगभर केस असलेला लहानसा गेंडा.]

हा सुमात्रन गेंडा. गेंड्यांच्या पाच जातींमधला सर्वांत लहान. दोन शिंगं, अंगावर तांबूस केस आणि तोंडातून शिट्टीसारखे बारीक आवाज. हा एकटा राहणारा प्राणी. कधीकाळी हिमालयाच्या पायथ्यापासून सुमात्रा-बोर्निओपर्यंत तो फिरत होता. आज जंगलात पन्नासही उरले नसावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

१९८४ मध्ये ठरलं, की तुटत चाललेल्या जंगलांत अडकलेले गेंडे पकडायचे आणि सुरक्षित जागी त्यांची वीण वाढवायची. १९९६ पर्यंत चाळीस गेंडे पकडले गेले. मलेशियात, इंडोनेशियात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत त्यांना ठेवलं. हेतू चांगलाच होता. पण हा प्राणी काय खातो, कधी माजावर येतो, किती महिने गाभण राहतो, यातलं जवळजवळ काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

सुरुवात चाऱ्यापासूनच चुकली. प्राणीसंग्रहालयातले बाकीचे गेंडे वाळलेल्या गवतावर जगतात म्हणून यांनाही गवत घातलं. पण हा ताजी पानं आणि डहाळ्या ओरबाडून खाणारा प्राणी. सिनसिनाटीच्या प्राणीसंग्रहालयातला इपूह नावाचा नर तर मरणाच्या दारात पोचला होता. शेवटचा उपाय म्हणून त्याच्यापुढे फायकसची पानं टाकली, म्हणजे आपल्या वड-उंबराच्याच कुळातली. तो उठला आणि खायला लागला! मग त्याच्यासाठी कॅलिफोर्नियातून विमानाने फांद्या येऊ लागल्या. अमेरिकेत पाठवलेल्या सात गेंड्यांपैकी तोवर तीनच उरले होते. त्या तिघांना सिनसिनाटीत एकत्र आणलं. इपूह, रपंझेल आणि एमी.

[दृश्य: लोखंडी दांड्यांचा अरुंद पिंजरा. मादी उभी आहे. मागे खांद्यापर्यंत हातमोजा घातलेला हात.]

१९९६ मध्ये टेरी रॉथ नावाची शास्त्रज्ञ इथे रुजू झाली. तिने एमीची रोज सोनोग्राफी सुरू केली. भूल न देता, रोज. एमीला त्या पिंजऱ्यात शांत उभं राहायची सवय लावली. पुढून कुणीतरी तिला खाऊ भरवत राहायचं, मागून गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब आत जायचा. एवढ्या मोठ्या जंगली जनावराने माणसाला इतकं जवळ येऊ द्यावं, यामागे तिला सांभाळणाऱ्यांची किती महिन्यांची चिकाटी असेल, याचा विचार मला पुन्हा पुन्हा येतो.

पडद्यावर काळा ठिपका वाढताना दिसायचा. वाढायचा, पण फुटायचा नाही. बीजांड बाहेर पडतच नव्हतं. आधी वाटलं, एमीतच काही दोष आहे. मग एकदा ती इपूहला लागली आणि त्यानंतर फॉलिकल फुटलेलं दिसलं. तेव्हा उलगडा झाला, की नराशी समागम झाल्याशिवाय या मादीचं बीजांड सुटतच नाही. मांजरीचं असंच असतं, उंटिणीचंही. म्हणजे नर-मादी वेगवेगळे ठेवून रक्तातल्या हार्मोन्सवरून माजाचा दिवस ओळखण्याची नेहमीची पद्धत इथे निरुपयोगी होती. ठिपक्याचा आकार पाहायचा आणि नेमक्या दिवशी दार उघडायचं, एवढा एकच मार्ग होता.

दार उघडलं. एमी गाभण राहिली आणि गाभडली. पुन्हा राहिली, पुन्हा गाभडली. असं पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी पडद्यावर गर्भ दिसायचा आणि काही आठवड्यांनी दिसेनासा व्हायचा. सहाव्या वेळी तिला रोज गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. गर्भ टिकला. सोळा महिन्यांच्या आसपास ती गाभण होती.

१३ सप्टेंबर २००१ रोजी एमी व्याली. नर पिल्लू, सुमारे ३३ किलो वजनाचं. नाव ठेवलं अंदालास, म्हणजे सुमात्रा बेटाचंच जुनं नाव. बंदिवासात सुमात्रन गेंड्याचं पिल्लू जन्मून वाढल्याला तेव्हा ११२ वर्षं झाली होती. त्याआधीचं पिल्लू १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्राणीसंग्रहालयात जन्मलं होतं.

एमीला पुढे आणखी दोन पिल्लं झाली. २००४ मध्ये सुची आणि २००७ मध्ये हरापान. सुची हे नाव ओळखीचं वाटलं ना? संस्कृतातल्या ‘शुचि’चंच हे इंडोनेशियन रूप. तिच्या वेळी एमीला हार्मोन द्यावंही लागलं नाही. एकदा वाट सापडली, की शरीर पुढचं स्वतःच करतं.

[दृश्य: संथ. दुसरी सोनोग्राफी. या वेळी एक नाही, अनेक गोल गाठी.]

आता हा दुसरा पडदा पाहा.

ही मलेशियातली इमान. २०१४ मध्ये बोर्निओच्या जंगलात तिला पकडलं, तेव्हा पहिल्या तपासणीत पोटात काहीतरी मोठं दिसलं. गाभण आहे, असं वाटलं. सगळ्यांना केवढा आनंद झाला असेल! पुढच्या तपासण्यांत कळलं, की तो गर्भ नव्हता. गर्भाशयात वाढलेल्या फायब्रॉइडच्या गाठी होत्या.

तिच्याआधी पकडलेल्या पुंतुंगच्या गर्भाशयात सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्या, झालेल्या होत्या. तिचा एक पाय फार पूर्वीच फासात तुटला होता, तरी ती जंगलात जगली होती.

हे का होतं, ते मला नीट सांगायचंय, कारण सगळ्या गोष्टीचं मर्म माझ्या मते इथेच आहे. जंगलात सगळं सुरळीत असेल तर गेंड्याची मादी बहुतेक आयुष्य एकतर गाभण असते, नाहीतर पिल्लाला पाजत असते. रिकामी पाळी तिच्या वाट्याला फार थोड्या वेळा येते. पण नरच भेटला नाही तर? दर तीन आठवड्यांनी हार्मोन्सची भरती येते आणि ओसरते. पुन्हा येते, पुन्हा ओसरते. वर्षानुवर्षं असं चाललं की गर्भाशयात गाठी धरू लागतात आणि मादी अकाली भाकड होते. म्हणजे जंगलात गेंडे शिल्लक आहेत एवढ्यावर समाधान मानता येत नाही. दहा गेंडे दहा वेगळ्या खोऱ्यांत फिरत असतील, तर मोजणीत ते दहा भरतात, पण त्यातल्या माद्या आतून संपत चाललेल्या असतात.

म्हणून ‘अजून थोडं थांबून पाहू’ हे वाक्य मला इथे सहन होत नाही. थांबण्याची किंमत मादीच्या गर्भाशयात वसूल होत असते.

मलेशियाकडे इमान होती आणि ताम नावाचा म्हातारा नर होता. त्याचं वीर्य कमजोर पडलं होतं. मलेशिया आणि इंडोनेशिया या दोन देशांनी मिळून प्रयोगशाळेत गर्भ तयार करावा, यासाठीची बोलणी वर्षानुवर्षं चालली. मे २०१९ मध्ये ताम गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला इमान गेली. मलेशियात या जातीचा एकही प्राणी उरला नाही.

[दृश्य: कोरडं गवताळ रान. चित्ता चालतो आहे, जाळीपलीकडे दुसरा.]

हे एका गेंड्यापुरतं नाही. प्रत्येक मोठ्या सस्तन प्राण्याचं कुलूप वेगळं आणि किल्लीही वेगळी. मोगल बादशहांनी शिकारीसाठी शेकड्यांनी चित्ते पाळले, पण त्यांच्या पदरी चित्तीण व्याल्याची नोंद एकदाच सापडते, जहांगीरच्या काळातली. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत अॅन व्हॅन डाइक यांच्या केंद्रात चित्त्यांची वीण सुरू झाली, ती त्यांना त्यांच्या पद्धतीने राहू दिल्यावर. माद्या एकेकट्या, नर वेगळे आणि मध्ये एक बोळ. नर त्या बोळातून फिरत जायचे, जाळीपाशी हुंगायचे, आणि कोणती मादी माजावर आहे ते माणसाच्या आधी त्यांना कळायचं.

पांढऱ्या गेंड्यांत तर कोडं खाद्यातच निघालं. प्राणीसंग्रहालयात जन्मलेल्या मुली मोठ्या होऊन गाभणच राहत नव्हत्या, आणि त्यांच्या जंगलातून आणलेल्या आया मात्र वीत होत्या. सॅन दिएगोच्या संशोधकांना धागा मिळाला तो सोयाबीन आणि लसूणघासापाशी. या वनस्पतींमध्ये इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनसारखी वागणारी द्रव्यं असतात. गाभण आईच्या पोटात गेलेला चारा पोटातल्या मुलीच्या प्रजननावर परिणाम करत होता. खाद्य बदललं, आणि तिथे पुन्हा पिल्लं झाली.

[दृश्य: केनियाचं माळरान. दोन पांढऱ्या गेंडा-माद्या शेजारी शेजारी चरताहेत.]

आणि या दोघी. नाजिन आणि तिची मुलगी फातू. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या जगात उरलेल्या शेवटच्या दोन. २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या प्राणीसंग्रहालयातून त्यांना केनियाच्या ओल पेजेटा अभयारण्यात आणलं. मोकळी हवा मिळाली तर वीण होईल, अशी आशा होती. झाली नाही. शेवटचा नर सुदान १९ मार्च २०१८ रोजी वारला. दोघींपैकी कुणालाच गर्भ वाढवणं शक्य नाही.

२०१९ पासून बायोरेस्क्यू प्रकल्पातले पशुवैद्य भूल देऊन बीजांडं काढताहेत. आता फक्त फातूची, कारण नाजिनच्या वयाचा विचार करून तिला यातून सोडवलं. ती बीजांडं विमानाने इटलीत क्रेमोनाला जातात. मेलेल्या नरांच्या गोठवलेल्या वीर्याने तिथे त्यांचं फलन होतं, आणि तयार झालेले गर्भ उणे १९६ अंशांवर, द्रवरूप नायट्रोजनमध्ये वाट पाहतात. हे गर्भ दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या माद्यांनी वाढवावेत, अशी योजना आहे.

ही पद्धत चालते का, हे आधी दक्षिणेकडच्याच गर्भावर तपासलं. सप्टेंबर २०२३ मध्ये गर्भ बसवला. मादी गाभण राहिली. पण मातीतल्या जिवाणूंच्या संसर्गाने ती दगावली. शवविच्छेदनात पोटात ७० दिवसांचा नर गर्भ मिळाला. लांबी ६.४ सेंटिमीटर, तळहातावर मावेल एवढा आणि पूर्ण व्यवस्थित. जगात गेंड्याचा गर्भ अशा रीतीने रुजल्याचा तो पहिला पुरावा होता. तो हाती आला, पण आई आणि गर्भ दोन्ही गमावून.

[दृश्य: पुन्हा दाट जंगल. विद्युत कुंपण, वाट, पहारेकऱ्याची चौकी.]

सुमात्रातलं वाय कांबास राष्ट्रीय उद्यान, आणि त्यातलं सुमात्रन गेंड्यांच्या विणीचं केंद्र. सिनसिनाटीत जन्मलेला अंदालास २००७ मध्ये इथे आला. इथल्या रातू नावाच्या मादीशी त्याची जोडी जमली. तिचे दोन गर्भ पडले, तिसरा टिकला. २३ जून २०१२ रोजी अंदातू जन्मला, २०१६ मध्ये डेलिला. तिकडे अमेरिकेत सुची लोहाच्या अतिसाठ्याच्या विकाराने २०१४ मध्ये गेली. त्याआधी सुची आणि हरापान या सख्ख्या बहीणभावांची जोडी लावायचा विचार करण्यापर्यंत वेळ आली होती. २०१५ मध्ये एकट्या उरलेल्या हरापानलाही सुमात्राला पाठवलं.

इथेच रोसा राहते. तिची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. माणसांना न घाबरता ती गावांजवळ यायची, म्हणून २००५ मध्ये तिला इथे आणलं. आठ वेळा तिचा गर्भ पडला. आठ! तरी नवव्यांदा पशुवैद्य सोनोग्राफीचं यंत्र घेऊन तिच्यापाशी उभे राहिले. २४ मार्च २०२२ रोजी रोसा व्याली. बाप अंदातू, म्हणजे त्या केंद्रातच जन्मलेला नर. मुलगी झाली. तिचं नाव सेदाह मिराह.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस रातूला आणखी एक मुलगी झाली. आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी पहारेकऱ्याला डेलिलाच्या शेजारी एक ओलसर, काळं पिल्लू दिसलं. अपेक्षेच्या दहा दिवस आधीच. वजन सुमारे २५ किलो. नाव ठेवलं इंद्र.

इंद्रचा बाप हरापान, आणि हरापान हा डेलिलाचा सख्खा काका. चुकून असं झालेलं नाही. निवडायला दुसरं कुणी नव्हतं. इंद्र धरून केंद्रात दहा गेंडे झाले, पण बहुतेक एकाच घरातले. नवं रक्त हवं, तर जंगलात एकाकी फिरणाऱ्यांना शोधून आणावं लागेल, तेही त्यांच्या पोटात गाठी धरायच्या आत.

[दृश्य: चिखलाच्या डबक्यात लोळणारी तरुण मादी. पाठीवर लालसर केस.]

ही सेदाह मिराह. सुमात्रन गेंड्याची मादी सहा-सात वर्षांची झाली की वयात येते. २०२८ फार दूर नाही. तिला अरुंद पिंजऱ्यात उभं राहायची, पुढून फांदी खात असताना मागच्या हाताला न बुजण्याची सवय त्याआधीच लावावी लागेल.

[दृश्य: रिकामा सोनोग्राफीचा पडदा. एक हात तो पुसतो आहे.]