युद्धनौकेच्या पोटात

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धनौकांचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण तोफांपासून सुरुवात करतात. तोफा किती होत्या, गोळा केवढा होता, कुठल्या लढाईत कोण बुडालं. आज मी तोफांकडे फारसा वळणार नाही. आज आपण जहाजाच्या पोटात उतरू, जिथून ते चालतं तिथे. माझं मत असं आहे की युद्धनौका खऱ्या अर्थाने बदलली ती तिला पुढे ढकलणारी शक्ती बदलली तेव्हा. वल्हं, शीड आणि वाफ. हे तीन शब्द लक्षात ठेवा, कारण मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे. वल्हं, शीड, वाफ.

वल्ह्याचा काळ सगळ्यांत लांब. भूमध्य समुद्रावर दोन हजारांहून जास्त वर्षं लढाया झाल्या त्या वल्ह्यांच्या जोरावर. ग्रीकांची ट्रायरीम घ्या. एकावर एक अशा तीन ओळींत बसलेले १७० वल्हेकरी, आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पाण्याच्या पातळीला बसवलेली काशाची धडक. शत्रूच्या कुशीत ती धडक घुसवायची, हेच मुख्य हत्यार. इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत अथेन्स आणि त्याच्या मित्रांनी इराणी आरमाराचा पराभव केला. त्याआधी थोडीच वर्षं अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदी सापडली होती. ती नागरिकांत वाटून टाकावी असं घाटत होतं. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने लोकांचं मन वळवलं आणि त्या चांदीची जहाजं बांधून घेतली. ती वल्हवत होते अथेन्सचे गरीब पण स्वतंत्र नागरिक. वल्हं मारणारा म्हटलं की साखळदंडातला गुलाम डोळ्यांसमोर येतो, पण ते चित्र पुष्कळ नंतरच्या काळाचं आहे. अथेन्सच्या वल्हेकऱ्याला मोबदला मिळे, सभेत मत मिळे, आणि आपल्या हातांवर शहर उभं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १५७१ च्या ऑक्टोबरात ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांटोला वल्ह्यांच्या जहाजांची शेवटची मोठी लढाई झाली, आणि तो अध्याय मिटत गेला.

शिडांचा काळ मी भरभर ओलांडतो. दिसायला तो सगळ्यांत सुंदर आहे, म्हणून त्याच्यावर पुरेसं बोललं गेलेलं आहे. एवढंच सांगतो. ‘व्हिक्टरी’ हे १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं ब्रिटिश जहाज, ट्रफाल्गरच्या लढाईत त्यावर १०४ तोफा आणि आठशेच्या वर माणसं होती. २१ ऑक्टोबर १८०५ च्या त्या सकाळी वारा इतका मंद होता की ब्रिटिशांचं आणि फ्रेंच-स्पॅनिशांचं अशी दोन आरमारं एकमेकांच्या जवळ आली ती माणूस रस्त्याने चालतो तेवढ्या वेगाने. शत्रू समोर दिसतोय, तोफा भरलेल्या आहेत, आणि तासन्‌तास वाट बघायची. शीड म्हणजे वाऱ्याची मर्जी.

मग आली वाफ. पहिल्यांदा चाकं होती, जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाणी मारणारी. पण ती चाकं तोफांची जागा खात आणि एका गोळ्याने निकामी होत. मग पाण्याखाली मागच्या बाजूला मळसूत्री पंखा, म्हणजे प्रोपेलर, बसवून बघितला. चाक बरं की पंखा, या वादावर १८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने एक सरळ प्रयोग केला. ‘रॅटलर’ हे पंख्याचं जहाज आणि ‘अलेक्टो’ हे चाकांचं, दोघांच्या शेपट्या एकमेकांना बांधल्या आणि दोघांना विरुद्ध दिशांना ओढायला लावलं. पंख्याच्या जहाजाने चाकांच्या जहाजाला उलटं फरफटत नेलं. अशी रस्सीखेच सगळ्या वादांत करता आली तर किती वेळ वाचेल!

तरी शीड लगेच गेलं नाही. १८६० मध्ये उतरलेली ‘वॉरियर’ ही लोखंडी चिलखताची युद्धनौका घ्या. तिला इंजिन होतं, डोलकाठ्याही होत्या. शिडांवर चालायचं तर पंखा पाण्यात अडथळा करतो, म्हणून शेकडो खलाशी दोर ओढून तो भला मोठा पंखा वर उचलून घेत. नवं आलेलं आहे, जुनं सोडवत नाही, आणि मधे माणसं घाम गाळताहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज आलो, त्या गोष्टीकडे येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाफेचं इंजिन म्हणजे दट्ट्यांचं इंजिन. नळकांड्यात वाफ शिरते, दट्ट्याला ढकलते, दट्ट्या वर जातो, खाली येतो, आणि त्या वर-खालीचं दांड्यांच्या मदतीने गोल फिरणं होतं. पायाने चालवायच्या शिलाई मशीनची पायपट्टी आठवा, तीच जात. फक्त इथे एकेका दट्ट्याचं वजन टनात. ते वजन एका मिनिटात शंभराहून जास्त वेळा थांबवायचं आणि उलट फिरवायचं. जहाज पूर्ण वेगात असलं की इंजिनघर हादरून जाई. सांधे तापत म्हणून त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडत, तेल उडे, फरशीवर पाणी साचे, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. आणि भट्टीपाशी कोळसा फेकणारे! युद्धनौकेच्या काचेच्या पेटीतल्या सुबक प्रतिकृती तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत दोर असतात, तोफा असतात, इवलेसे कप्तानही असतात. भट्टीवाला नसतो. मला हे फार लागतं. संग्रहालयात जहाज खालून वर दाखवावं, वरून खाली नव्हे, असं मी अनेक वर्षं म्हणत आलो आहे.

तर अशा काळात चार्ल्स पार्सन्स नावाचा एक इंजिनिअर होता. आयर्लंडमधल्या एका उमरावाचा धाकटा मुलगा. वडील खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात ७२ इंच आरशाची दुर्बीण उभारली होती, त्या काळातली जगातली सर्वांत मोठी. आई छायाचित्रकार, अगदी सुरुवातीच्या पिढीतली. ही मुलं शाळेत गेली नाहीत, घरीच शिकली, आणि वडिलांच्या कार्यशाळेत वाढली. जरा विषय सोडून बोलतो, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. मुलांच्या हातात लहानपणी करवत, कानस, पकड यायला हवी. बोट कापेल या भीतीने आपण ती वर ठेवून देतो, आणि मग मोठेपणी त्याच मुलाने यंत्र समजून घ्यावं अशी अपेक्षा करतो. ते होत नाही. असो.

पार्सन्सचा विचार साधा होता. वाफेने दट्ट्या वर-खाली करून मग तो गोल फिरवायचा, हा उलटा घास कशाला? वाफेने सरळ चाकच फिरवावं. कुकरची शिट्टी होताना वाफ किती जोराने बाहेर येते ते तुम्ही रोज पाहता. तिच्यासमोर कागदाची भिरभिरी धरलीत तर ती गरगर फिरेल. अडचण अशी की वाफेचा वेग भयंकर असतो. एका भिरभिरीला तो सगळा झेलता येत नाही, पाती तुटतील. पार्सन्सने काय केलं, एकामागे एक अशा पात्यांच्या पुष्कळ ओळी लावल्या. प्रत्येक ओळीत वाफेचा थोडा थोडा दाब उतरवला. एका उडीऐवजी जिना. हाच टर्बाइन. १८८४ मध्ये त्याने पहिला बांधला, वीज निर्माण करायला. तो मिनिटाला १८,००० फेरे घेई.

मग त्याला वाटलं, हा जहाजात बसवावा. आधी त्याने दोन फुटांची प्रतिकृती केली आणि मासे धरायच्या काठीला बांधून तळ्यात ओढून पाहिली. मग सहा फुटांची, पिळलेल्या रबरावर चालणारी. तळ्याच्या काठावर उभा राहून खेळण्यातली होडी ओढणारा चाळिशीच्या उंबरठ्यावरचा तो गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शेवटी १८९४ मध्ये खरी नौका पाण्यात उतरली. नाव ‘टर्बिनिया’. लांबी शंभर फुटांहून थोडी जास्त, रुंदी जेमतेम नऊ फूट, वजन ४४ टन. सुईसारखी.

आणि ती चालेना. म्हणजे चालली, पण वीस नॉटचाही वेग गाठेना. (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.) टर्बाइन तर जीव तोडून फिरतोय. पंखा बदलला, पुन्हा बदलला, वेग तोच. पार्सन्सने मग काचेची खिडकी असलेली पाण्याची एक छोटी टाकी बनवली. तिच्यात दोन इंचांचा पंखा फिरवून पाहिला, आणि चोर सापडला. पंखा इतका वेगाने फिरत होता की पाणी पात्यांच्या पाठीला चिकटून राहूच शकत नव्हतं. तिथे पोकळी तयार होई, बुडबुडे होत. पंखा पाणी ढकलत नव्हता, आपल्याच केलेल्या पोकळीत फिरत होता. आज जगातल्या प्रत्येक जहाजाचा पंखा बनवताना या पोकळीचा हिशोब करावाच लागतो.

उपाय काय? एका टर्बाइनचे त्याने तीन केले. वाफ पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिघांचे आस वेगळे, आणि प्रत्येक आसावर तीन पंखे. तीन आस, नऊ पंखे. पुन्हा सांगतो, शंभर फुटांच्या नौकेला नऊ पंखे. आता ‘टर्बिनिया’ ३४ नॉटच्या पुढे गेली. एवढ्या वेगाचं जहाज त्या वेळी जगात दुसरं नव्हतं.

तारीख २६ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेडला आरमाराची पाहणी होती. दीडशेहून जास्त युद्धनौका नांगर टाकून रांगांत उभ्या. राणी स्वतः आली नव्हती, तिच्या वतीने युवराज होते. परदेशी पाहुणे, नौदलाचे मोठे अधिकारी, सगळे दुर्बिणी घेऊन सज्ज. त्या रांगांत ‘टर्बिनिया’ला जागा नव्हती. आणि मग त्या शिस्तीच्या रांगांमधून ही चिमुकली नौका सुसाट निघाली. नाळ पाण्याबाहेर उचललेली, मागे फेसाची भिंत. पार्सन्स स्वतः खाली, इंजिनापाशी. गस्तीच्या नावा तिला अडवायला धावल्या, पण पकडणार कशा? नौदलातली सगळ्यांत वेगवान जहाजं तीस नॉटच्या आसपास होती. एका गस्ती नावेजवळून ती इतक्या थोडक्या अंतराने गेली की नाव तिच्या लाटेत बुडता बुडता वाचली.

ही गोष्ट मला का आवडते ते सांगतो. तिथे जगातली सर्वांत ताकदवान तोफखान्याची जहाजं उभी होती, आणि त्या दिवशी सगळ्यांचे डोळे लागले ते एकही तोफ नसलेल्या होडीवर. अहवाल लिहून, अर्ज करून जे पटवायला वर्षं लागली असती ते काही मिनिटांत पटलं. जहाजाच्या पोटात काय आहे ते पहिल्यांदाच सगळ्यांना बाहेरून दिसलं.

पुढचं सगळं सुखाचं नाही. नौदलाने टर्बाइनच्या विनाशिका घेतल्या, ‘व्हायपर’ आणि ‘कोब्रा’. ‘व्हायपर’ने चाचणीत ३६ नॉट ओलांडले. १९०१ च्या ऑगस्टमध्ये धुक्यात खडकावर आपटून ती गेली. पुढच्याच महिन्यात ‘कोब्रा’ भर समुद्रात दुभंगली. ६७ माणसं गेली, त्यांत पार्सन्सच्या कारखान्यातले त्याचे सोबतीही होते. दोन्ही अपघातांत टर्बाइनचा दोष नव्हता, पण त्या कारखान्यात ते दिवस कसे गेले असतील याचा विचार केला की माझा आवाज खाली येतो. पार्सन्स थांबला नाही. चार वर्षांनी ब्रिटिश नौदलाने ‘ड्रेडनॉट’ बांधायला घेतली, आणि या महाकाय युद्धनौकेत दट्ट्यांऐवजी टर्बाइन बसवायचं ठरवलं. १९०६ मध्ये ती पाण्यात उतरली. इतिहासात तिचं नाव आहे ते तिच्या बारा इंची दहा तोफांसाठी. तोफा होत्याच, पण २१ नॉटचा वेग, आणि तो वेग इंजिन खिळखिळं न होता टिकवणं, हे टर्बाइनचं देणं. तिच्या आधीच्या सगळ्या युद्धनौका एका रात्रीत जुन्या ठरल्या आणि देशादेशांत जहाजं बांधायची चढाओढ लागली.

नंतर कोळसा जाऊन तेल आलं, आणि भट्टीवाल्याची ती जीवघेणी मेहनत संपली. मग अणुशक्ती. १९५५ च्या जानेवारीत अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी अणुशक्तीवर निघाली, आणि १९५८ मध्ये बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. ऐकायला वाटतं की आता वाफेचं युग संपलं. संपलेलं नाही. पाणबुडीतली अणुभट्टी करते काय, तर पाणी तापवते. पाण्याची वाफ होते, वाफ पात्यांच्या ओळींमधून जाते, पाती फिरतात. वल्हं गेलं, शीड गेलं, वाफ अजून आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या औष्णिक आणि अणुवीजकेंद्रांतही हेच चालतं.

‘टर्बिनिया’ आज इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये आहे. १९०७ मध्ये नदीपलीकडून पाण्यात सोडलेलं एक जहाज तिच्यावर आदळलं होतं, त्यातूनही ती वाचली. कधी तिथे जाणं झालं तर पुढून बघू नका. मागच्या बाजूला जा, थोडं वाका, आणि पंखे मोजा.

नमस्कार.