कस्तुरबा : प्रतिमा आणि स्वभाव

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधींचे निधन झाले. पतीच्या मागून निमूटपणे चालणारी त्यागमूर्ती, ही त्यांची प्रतिमा आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, त्या हट्टी होत्या, फटकळ होत्या, असे म्हटले तर आजही काहींना तो अनादर वाटतो. गंमत अशी की, त्यांच्या या स्वभावाचा बराचसा पुरावा खुद्द गांधीजींनीच लिहून ठेवला आहे. म्हणजे संसारातल्या वादाची हकीकत आपण एकाच पक्षाकडून ऐकतो, आणि तरीही पुष्कळदा दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना तेथील भारतीय लोकांनी गांधी कुटुंबाला भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. या सर्व भेटी लोकसेवेसाठी विश्वस्तांकडे सोपवायच्या, असे गांधीजींनी ठरवले, आधी मुलांची संमती मिळवली आणि मग ते पत्नीकडे वळले. कस्तुरबांनी त्यांना चांगलेच सुनावले : उद्या घरात सुना येतील, त्यांचे काय? मुलांना आतापासूनच बैरागी करायला निघालात का? आणि माझ्या हारावर तुमचा हक्क कसला? हार माझ्या सेवेबद्दल मिळाला आहे, असे गांधीजींनी म्हणताच, तुमच्यासाठी मी रात्रंदिवस राबले ती सेवा नव्हे काय, असा प्रश्न आला. हे बोल वर्मी लागले, हे गांधीजींनी आत्मचरित्रात मान्य केले आहे. मात्र संमती त्यांनी कशीबशी मिळवलीच. हार गेला, प्रश्न अनुत्तरितच राहिला, असे मला वाटते.

१९१३ मध्ये, गांधी कुटुंब पुन्हा दक्षिण आफ्रिकेत असताना, तेथील केप प्रांतातील न्यायालयाच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह बेकायदा ठरले. त्याविरुद्धच्या सत्याग्रहासाठी गांधीजी आश्रमातील इतर स्त्रियांशी बोलले, पण पत्नीशी बोलले नाहीत. भिडेपोटी होकार देऊन ती पुढे डगमगेल, ही त्यांची शंका होती. ते कानावर पडताच, तुरुंगात जायला मी अपात्र ठरावे असे माझ्यात काय उणे आहे, असे कस्तुरबांनी विचारले. त्यांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली.

याच स्त्रीविषयी १९२९ मध्ये गांधीजींनी आपल्या ‘नवजीवन’ साप्ताहिकात जाहीर लेख लिहिला. भेट मिळालेले चार रुपये तिने आश्रमाकडे जमा केले नाहीत, एवढाच अपराध! पूर्वीही तिने शे-दोनशे रुपये बाळगले होते, हेही त्यात होते. अपरिग्रहाचा, म्हणजे स्वतःजवळ काही न बाळगण्याचा, नियम मान्य केला, तरी पत्नीची चूक अशी छापून काढणे मला आजही कठोर वाटते.

उलट १९३८ मध्ये गांधीजींचे म्हणणे रास्त होते. अस्पृश्यांना बंद असलेल्या पुरीच्या जगन्नाथ मंदिरात कस्तुरबा दर्शनाला गेल्या आणि गांधीजींना इतका मनस्ताप झाला की त्यांचा रक्तदाब वाढला. पतीचे आयुष्यभराचे व्रत ठाऊक असूनही, सत्तरीच्या उंबरठ्यावर, आपल्या देवापुढे हात जोडायला त्या गेल्या, कारण ती श्रद्धा त्यांची स्वतःची होती.