जाळ्यावर फुली काढणारा कोळी

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस ओसरत आला की घाणेरीच्या झुडपात, कुंपणात, गुडघ्याएवढ्या गवतात एक कोळी दिसू लागतो. दिवसाढवळ्या जाळ्याच्या मधोमध, डोकं खाली करून बसलेला. पाय मोजायला जाल तर चारच वाटतात. असतात आठच, पण दोन-दोन जोडून असे ताणलेले, की अंगाची फुली व्हावी. हा आर्जिओपी. आपल्याकडे निसर्गप्रेमी त्याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. प्रजातीचं हे शास्त्रीय नाव १८२६ सालचं.

सही म्हणजे काय, तर जाळ्यात विणलेल्या पांढऱ्या नागमोडी पट्ट्या. कधी चार, कधी एकच, तर कधी अजिबात नाही! म्हणून नुसत्या सहीवर विसंबू नका. डोक्याकडचा भाग पाहा, त्यावर चंदेरी लव असते. पोट चपटं, काहीसं पंचकोनी. आर्जिओपी अनसूया या जातीत त्यावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे. पोट लांबट आणि जाळं सोनेरी असेल तर तो नेफिला. पाठीला कडक काटे असतील तर गॅस्टरकँथा.

या पट्ट्या कशासाठी? जाळं घट्ट राहावं म्हणून, असं आधी वाटायचं. पुढे कोणी म्हणालं, अतिनील प्रकाश परतवून त्या किडे ओढतात. कोणी म्हणालं, पाखरांनी जाळं फाडू नये म्हणून ही खूण. वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर एकच उत्तर सगळ्या जातींना लागू पडेल, असं वाटत नाही.

एकदा जाळ्यात नाकतोडा अडकलेला पाहिला. कोळीण धावली, पण चावली नाही. पाठ फिरवली, मागच्या पायांनी रेशमाचा पट्टाच्या पट्टा त्याच्यावर फेकला, गरागरा फिरवून गाठोडं केलं, आणि मग दंश. मी हळूच बोट जवळ नेलं, तर सगळं जाळं असं हलवलं की ती दिसेनाशीच झाली. घाबरू नका, माणसाला या कोळ्यापासून धोका नाही.

आणि हो, आतापर्यंत जिचं वर्णन केलं ती मादी. नर शोधायचा तर जाळ्याची कड न्याहाळा. तिच्या मानाने अगदीच चिमुकला, तपकिरी, दुसऱ्याच जातीचा वाटावा असा एक जीव तिथे अंग चोरून बसलेला असेल. त्याला घाई नसते. मीलनानंतर बरेचदा ती त्यालाही गुंडाळून ठेवते.