शब्द सुटा नको : जर्मन शिकण्याच्या साहित्याविषयी

मित्रहो, आयोजकांनी मला 'जर्मनच्या सर्व पातळ्यांसाठी उपयुक्त अभ्याससाहित्य' असा विषय दिला आहे. सर्व पातळ्या म्हणजे अगदी सुरुवातीच्या ए-वनपासून सर्वांत वरच्या सी-टूपर्यंत सहा, आणि हाताशी वेळ एका तासाहून कमी. म्हणून मी यादी वाचून दाखवणार नाही. यादी आपणा सर्वांच्या मोबाइलमध्ये आधीच आहे. आजची अडचण साहित्य मिळत नाही ही नसून ते मावत नाही ही आहे. मी फक्त एक कसोटी सांगणार आहे: हाती आलेले साहित्य शब्द सुटा देते, की त्याच्या गोतावळ्यासकट देते?

या कसोटीमागे एक राग आहे, तो आधी सांगतो. माझ्याकडे एक अतिशय मेहनती विद्यार्थी आला. त्याच्यापाशी कुठल्याशा शिकवणीत विकत मिळालेली, स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स होती: डाव्या रकान्यात जर्मन शब्द, उजव्या रकान्यात अर्थ, आणि सारे अकारविल्हे. मुलाने पहिल्या पानापासून पाठांतराला सुरुवात केली होती आणि माझ्याकडे आला तेव्हा तो 'एच'पर्यंत पोचला होता. वर्गात उपाहारगृहाचा संवाद चालू असताना मी वेटर झालो आणि काय प्यायला आणू असे विचारले. त्याने छताकडे बघून मनातल्या मनात पाने उलटली आणि ठणठणीत आवाजात 'आबवासर' मागितले. जर्मन येणारे श्रोते हसले. बाकीच्यांसाठी सांगतो, आबवासर म्हणजे सांडपाणी. साधे पाणी, म्हणजे वासर, 'डब्ल्यू'मध्ये येते आणि तिथवर पोचायला त्याला अजून काही महिने लागणार होते. 'बी'मध्ये बिअर येऊन गेली होती, परंतु मुलगा माळकरी घरातला!

हसून झाले असेल तर त्या झेरॉक्समधला खरा दोष पाहू. तिच्यात 'टिश' म्हणजे टेबल एवढेच छापलेले होते. टिश पुल्लिंगी आहे, म्हणजे 'डेर टिश', आणि त्याचे अनेकवचन 'टिशं' होते, यांपैकी काहीही नाही. जर्मनमध्ये नामाचे लिंग कळले नाही तर पुढचे विशेषण चुकते, विभक्ती चुकते आणि सर्वनामही चुकते. डेर, डी, डास या पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी उपपदांतला 'डास' ऐकून पुण्यात लोक महानगरपालिकेची आठवण काढतात, पण नपुंसकलिंगाची आपल्याला धास्ती नसते, कारण तिन्ही लिंगे मराठीत आहेतच. इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके 'वस्तूला लिंग कसे असू शकते' हे समजावण्यात पानेच्या पाने घालवतात; ती पाने आपण खुशाल उलटावीत. आपली गरज वेगळी आहे: प्रत्येक नामासोबत त्याचे उपपद आणि अनेकवचन छापलेले हवे.

कोणी म्हणेल, जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटची ए-वन ते बी-वनची अधिकृत शब्दसूचीही अकारविल्हेच असते. असते, आणि ती संकेतस्थळावर फुकट मिळते. पण तिच्यात नामाला उपपद व अनेकवचन, ए-टूपासून क्रियापदाला रूपे आणि बहुतेक शब्दांना उदाहरणवाक्य जोडलेले असते. शिवाय ती पाठांतरासाठी नसून परीक्षेआधी काय राहिले हे तपासण्यासाठी आहे.

जुन्या पुस्तकांविषयीही दोन शब्द बोलतो, कारण अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळालेली पुस्तके दाखवायला अनेक जण येतात. 1996 साली जर्मन शुद्धलेखनाचे नवे नियम ठरले, 1998 पासून ते शाळांत लागू झाले आणि 2006 मध्ये त्यांत पुन्हा दुरुस्ती झाली. पुस्तक उघडून 'की' या अर्थाचा 'डास' शोधावा. तो दोन 'एस'ऐवजी त्या बी-सारख्या दिसणाऱ्या अक्षराने संपत असेल तर पुस्तक जुन्या नियमांचे. मात्र 'श्त्रासं', म्हणजे रस्ता, या शब्दात ते अक्षर अजूनही आहे. त्यावरून पुस्तक बाद करू नये. व्याकरणासाठी असे पुस्तक चालते, लेखनाच्या सरावासाठी चालत नाही. किमती मार्कांत, म्हणजे युरोआधीच्या जर्मन चलनात, असतील तर बाजारहाटाचा धडा इतिहास म्हणून वाचावा.

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा कबूल केलेला विषय आता भरभर उरकतो. ए-वन आणि ए-टूला ध्वनिफितीसह एकच क्रमिक पुस्तक, आणि जोडीला डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही मोफत चित्रफीतमाला पुरे; ती बी-वनपर्यंत जाते. बी-वनला गोतावळा बदलतो, कारण आता क्रियापदासोबत शब्दयोगी अव्यय लागते. आपण बस'ची' वाट पाहतो, बस'ला' नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवले नाही, कारण आपण ते क्रियापद कधी सुटे ऐकलेच नाही. जर्मनमध्ये 'वार्टन'बरोबर 'आउफ' आणि द्वितीया येते, म्हणून नुसते 'वार्टन : थांबणे' लिहिणारी वही फेकून द्यावी. येथे डॉइच वेलेचेच 'टॉप-थेमा' हे पाठ आणि पुढे त्यांच्या संथ गतीच्या बातम्या ऐकाव्यात. बी-टू, सी-वनला नाम कोणत्या क्रियापदाशी नांदते हे महत्त्वाचे. त्यासाठी बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा डीडब्ल्यूडीएस हा विनामूल्य ऑनलाइन कोश उघडावा. त्यातले शब्दचित्र नेमके हेच दाखवते. भाषांतराचे यंत्र अर्थ देईल, पण ही सोयरीक शिकवणार नाही. सी-टूवाल्यांना माझी गरज नाही.

शेवटचे एक. 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतले बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, आणि आज सभागृहात परिचारिका व इलेक्ट्रिशियन बरेच दिसत आहेत. तिकडे कामावर कानी पडणारी बोली स्वाबियन किंवा आलेमानिक असेल, आणि क्रमिक पुस्तकाच्या ध्वनिफितीत ती नसते. त्यासाठी निघण्याआधी काही महिने एसडब्ल्यूआर या तिथल्या प्रसारण संस्थेचा 'लान्डेसशाउ' हा कार्यक्रम लावून बसावे. सुरुवातीला निम्मे कळणार नाही, तरी बंद करू नये. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.