तिसरी रात्र

नमस्कार मंडळी. मी देवबागहून बोलतेय, मालवण तालुक्यातलं देवबाग, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही. घराच्या मागे तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, त्याला आता नववं वर्ष चालू आहे. आज मला विचारलंय की असे घरगुती मुक्कामाला येणारे पाहुणे साधारण किती दिवस राहतात.

सरळ सांगते, दोन रात्री. परत सांगते, दोन रात्री. माझ्या वहीची पानं उलटली की शनिवारी आले नि सोमवारी गेले, शुक्रवारी आले नि रविवारी गेले, हेच दिसतं. एका रात्रीचेही येतात, ते गोव्याला जाता जाता पाठ टेकायला. आठवडाभर राहणारे असतात पण बोटावर मोजण्याइतके, त्यात परदेशी पाहुणे जास्त, आणि त्यांची माहिती ते आल्यापासून 24 तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन भरायची असते बरं का, नवीन कोणी हा धंदा सुरू करत असाल तर हे विसरू नका.

आता दोनच का? अंतर आणि रजा, बाकी काही नाही. मुंबईहून मालवण 500 किलोमीटरच्या आसपास, पुण्याहून त्याहून कमी, रात्रभर गाडी हाणून माणूस सकाळी पोचतो तो डोळे तारवटलेला. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण सुरू झाली तेव्हापासून गाडीने येणं सोपं झालं, तरी कुडाळला उतरून पुढे तासभर आहेच. म्हणजे पहिला दिवस झोपेत, दुसऱ्या दिवशी स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, किल्ला, सगळं एका दिवसात कोंबायचं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला बॅगा गाडीत. सिंधुदुर्ग किल्ला 1664 ते 1667, तीन वर्षं खपून महाराजांनी बांधून घेतला आणि आपण तो तासाभरात उरकतो, कारण होडीवाला खाली थांबलेला असतो. दूध बाव, दही बाव, साखर बाव, चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, त्यांच्याजवळ दोन मिनिटं उभं राहायलाही कोणाला सवड नसते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आम्हा कोकणातल्यांना मुक्कामाचे दिवस मोजायची सवय गणपतीची. दीड दिवस, पाच दिवस, सात, अकरा. दीड दिवसाचा गणपती आणि अकरा दिवसांचा गणपती यात काय फरक असतो ते ज्याच्या घरी असतो त्याला विचारा. पाहुण्याचंही तसंच.

त्यावरूनच तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती सांगायची म्हणूनच खरं तर मी आले.

चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. पुण्याचं कुटुंब, आई, वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा, दोन रात्रींचं बुकिंग. मुलगा आल्या आल्या किनाऱ्यावर पळाला तर तिथे वाळूवर रापणीचं जाळं पसरलेलं, आमचे दोन म्हातारे बसून फाटलेलं शिवत होते. त्याने विचारलं हे काय, त्यांनी सांगितलं की होडीतून हे लांब नेऊन समुद्रात अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून माणसांनी ओढत आणायचं. मग कधी ओढणार? तर म्हातारा म्हणाला, "वारो पडाक व्हयो." वारा पडला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी वारा पडला नाही. आईवडील किल्ला करून आले, मुलगा आमच्या सासूबाईंजवळ पडवीत बसून राहिला, त्याला किल्ला नको, डॉल्फिन नको, रापण गेली तर चुकेल म्हणून. संध्याकाळी वडील बॅग भरायला लागले तर हा रडत नाही, हट्ट नाही, एवढंच म्हणाला की बाबा, जाळं अजून गेलंच नाहीये. वडील माझ्याकडे आले, खोली उद्या रिकामी आहे का विचारलं. होती. त्यांनी ऑफिसला फोन केला, एक दिवस वाढवला.

तिसरी रात्र. तिसऱ्या दिवशीही वारा. पण त्या दिवशी एक झालं, ती माणसं बदलली. म्हणजे कुठे जायचं नाही, काही बघायचं नाही, तर वडील माझ्या दीरांबरोबर बाजारात गेले, मासळीचा लिलाव कसा लागतो बघून आले, आणि आई सासूबाईंबरोबर नारळ खवायला बसली. सोलकढी त्या बाईंनी स्वतः केली, आमसुलं भिजवून कोळून. (इथे एक सांगतेच, लाल रंग घातलेलं सरबत नारळाच्या दुधात ओतून सोलकढी म्हणून विकतात ते बंद झालं पाहिजे, आमसूल नाहीतर घरचं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, तिसरं काही नाही.) दोन दिवस हीच माणसं मला "मॅडम, गरम पाणी" म्हणत होती, तिसऱ्या दिवशी "वहिनी, चहा टाकू का तुम्हालाही" म्हणाली.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराशी हाक आली. वारा पडला होता. समुद्र एकदम तेलासारखा. होडी जाळं सोडत गेली ती दिसेनाशी झाली नि बऱ्याच वेळाने दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागली, मग दोन्हीकडे वीस वीस माणसं दोराला. ओढायला कोणालाही मज्जाव नसतो आमच्याकडे, हात लावेल तो आपला. वडील, आई, मुलगा तिघंही दोराला. दोर ओला, वाळू लागलेला, तळहात सोलून निघतो, पाठ लावून मागे मागे चालत जायचं, वर पोचलं की दोर सोडून परत पाण्याजवळ येऊन धरायचा. दोन तास चाललं. वर घारी गोळा झाल्या की ओढणाऱ्यांना कळतं काहीतरी आहे, तशा त्या आल्या आणि सगळ्यांचा आवाज चढला.

मासळी काही फार नव्हती. तारली, पेडवे, थोडे बांगडे. पण ओढणाऱ्याला वाटा मिळतो ही रीत. त्या म्हाताऱ्याने सहा बांगडे मोजून मुलाच्या हातात दिले, "हो तुझो वाटो." त्या पोराने ते शर्टात घेतले, नवीन पांढरा शर्ट, आणि घरापर्यंत पळत आला. सासूबाईंना म्हणाला आज्जी, हे वेगळे ठेवा, यात बाजारातले मिसळू नका. त्यांनी तिरफळं घालून त्याच सहाचं सार केलं, आणि त्याने पानात वाढताना एक बांगडा मोजून बाजूला काढला, जाळं शिवणाऱ्या आजोबांना द्यायला. तो डबा घेऊन स्वतः गेला.

ते कुटुंब पाच रात्री राहिलं. बुकिंग दोनाचं होतं.

त्यानंतर मी माझा हिशोब नीट मांडला. दोन रात्रींचा पाहुणा असो की पाचांचा, जाताना खोली तीच झाडायची, दोन बेडशीट, चार अभ्रे, चार टॉवेल तेच धुवायचे, गादी उन्हात तीच टाकायची. महिन्यात आठ वेळा खोली बदलण्यापेक्षा चार वेळा बदलली तर पाणी, साबण, बाईची मजुरी सगळं निम्मं. म्हणून तिसऱ्या रात्रीला मी भाडं कमी लावते, परत सांगते, तिसऱ्या रात्रीला कमी, सातव्याला नाही. ऑनलाइन साइटवर आठवड्याची सूट सात रात्रींना आणि महिन्याची 28 रात्रींना लागते, ती ठीक आहे लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना, पण आपल्या रजेचा माणूस सातपर्यंत पोचतच नाही हो. त्याला दोनाचे तीन करायला एक कारण पुरतं. शेजारच्या काही जणांनी एका रात्रीचं बुकिंगच बंद केलंय, मी फक्त शनिवारी बंद केलंय, कारण शनिवार एकाला दिला की शुक्रवार आणि रविवार दोन्ही बाजूंनी मोकळे पडतात.

आणि घर चालवणाऱ्या ताईंनो, फोनवर बुकिंग घेताना "कधी निघणार" असं विचारू नका. "सोमवारी रजा मिळेल का" असं विचारा. मी विचारते. बरेच जण थांबतात, मग म्हणतात, विचारून सांगतो, आणि त्यातले काही खरंच सांगतात.

यायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा, पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले सगळे खेळ बंद असतात. रापणीचं मात्र बुकिंग होत नाही. ती वाऱ्यावर आहे, पहाटे हाक आली तर मी तुमचं दार वाजवेन. नमस्कार.