सेवेचा हिशेब

बंधुभगिनींनो, चारित्र्याविषयी बोलताना सचोटी आणि सेवाभाव हे दोन वेगवेगळे सद्गुण म्हणून मांडण्याची आपली रीत आहे. माझे म्हणणे असे, की ख्रिस्ती जीवनात ते एकत्रच वाढतात आणि एकत्रच खुंटतात, कारण सेवा करणाऱ्याच्या हाती नकळत सत्ता येते : मदत कोणाला द्यायची याची यादी, सामानाच्या खोलीची किल्ली, अर्पणाची पेटी.

योहानाच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायात बेथानीची मरीया येशूच्या पायांना मोलाचे सुगंधी तेल लावते, तेव्हा यहूदा इस्कर्योत विचारतो, की हे तेल ३०० दिनारांना विकून तो पैसा गरिबांना का दिला नाही? ३०० दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. प्रश्न वरवर पाहता रास्त आहे. आपल्या एखाद्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, तो विचारला गेला असता, तर अनेकांनी माना डोलावल्या असत्या. परंतु योहान तिथेच सांगून टाकतो, की सर्वांच्या पैशांची थैली यहूदाकडे असे आणि तीत पडलेले तो काढून घेई. गरिबांचा कळवळा ओठांवर आणि गरिबांच्या पैशावर डोळा, ही दोन्ही एकाच माणसात, तीही प्रभूच्या बारा शिष्यांपैकी एकात, असू शकतात, हे पवित्र शास्त्राने झाकून ठेवलेले नाही. पुढच्याच अध्यायात येशू बाहेरचे वस्त्र काढून, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि आपल्याला धरून देणारा यहूदाच आहे हे ठाऊक असूनही त्याचे पाय वगळत नाही. सेवा घेणारा लायक आहे की नाही, हे ठरवण्यात आपण किती वेळ घालवतो!

यरुशलेमेतील गरजूंसाठी मंडळ्यांनी जमवलेली वर्गणी पोहोचवताना प्रेषित पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही पाठवतो आणि कारण स्पष्ट सांगतो : या मोठ्या रकमेवरून कोणी दोष लावू नये, म्हणून प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो. ‘देवाला सगळे ठाऊक आहे’ असे म्हणून हिशेब टाळणाऱ्यांना पौलाचा आधार मिळत नाही.

रविवारी उपासना संपल्यावर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत, दोघेजण अर्पण मोजायला बसतात. चुरगळलेल्या नोटा सरळ केल्या जातात, नाण्यांच्या चळती लागतात, पाकिटांवरची नावे वहीत उतरतात आणि खाली दोघांच्या सह्या होतात. हे काम कंटाळवाणे आहे. त्याबद्दल वेदीवरून कोणी आभार मानत नाही. पण दुसरी सही मागितल्यावर ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे विचारणाऱ्या सेवकाची मला काळजी वाटते. तपासणी सोसण्याची सवय ही नम्रतेची फार खरी तालीम आहे.

पुण्यात पंडिता रमाबाईंचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होत नाही. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन, म्हणजे विधवा व मुलींसाठीचे निवासी विद्यालय, १८९० साली पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने खंगलेल्या मुली घेऊन आल्या आणि केडगावात त्यांच्यासाठी मुक्ती सदन हे आश्रयगृह उभे राहिले. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची कशी आबाळ होते हे त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीरपणे सांगितले. राज्यकर्ते ख्रिस्ती, त्याही ख्रिस्ती. गप्प राहणे सोयीचे होते, आणि पुढे गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे खोडूनही काढले. मुलींची सेवा करणे आणि मुलींबद्दल खरे बोलणे यांत रमाबाईंनी फारकत केली नाही.

तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी वस्तीत धान्य वाटायला जाल, तेव्हा यादीत आपल्या नातलगाचे नाव असेल तर ती यादी दुसऱ्याकडे द्या. पिशवी हातात देताना समोरच्या बाईला फोटोसाठी थांबवू नका. उरलेले सामान किती आणि कुठे ठेवले, हे कोणी विचारण्याआधी, त्याच संध्याकाळी वहीत लिहा आणि ती वही मंडळीत कोणालाही उघडून पाहता येईल अशा जागी ठेवा.