फुंकणी आणि हजार यार्ड

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय तो असा : ‘काळ्या दारूची एकबारी रायफल आणि हजार यार्डांचा नेम’. पहिले दोन शब्द वाचूनच जे आले असतील, त्यांच्यासाठी मागचं दार उघडं आहे. ही दारू शोऱ्याची. शंभर भागांत ७५ शोरा, १५ कोळसा, १० गंधक. आपल्या बाणांच्या आतषबाजीतली बहीणच म्हणा, फक्त दाणेदार आणि शिस्तीची.

नेमाकडे वळण्याआधी ही वस्तू बघा. दोन हात लांबीची साधी प्लास्टिकची नळी, आणि तिच्या टोकाला .४५-७० या मापाच्या रायफलीचं रिकामं काडतूस, बुडाला भोक पाडून घट्ट बसवलेलं. गावाकडे चुलीपाशी जिची जागा असायची ती फुंकणी, दुसरं काही नाही. बार झाला, रिकामं काडतूस बाहेर आलं, की ही फुंकणी रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, मागून सरकवायची आणि फुंकायचं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : लोक रायफलीवर हजारो डॉलर घालतात, शार्प्स बरी की रोलिंग ब्लॉक बरी (दोन्ही जुन्या घाटाच्या एकबारी रायफली) यावर रात्री जागवतात, आणि नेम ठरतो या दोन डॉलरच्या नळीवर.

का ते सांगतो. बिनधुराची दारू जळते तेव्हा जवळजवळ सगळीच वायू होऊन जाते. काळ्या दारूचं तसं नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तो घनच राहतो. त्यातला बराचसा पांढऱ्या धुराच्या ढगाबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. आपण त्याला काजळी म्हणतो, पण ते बरोबर नाही. काजळी म्हणजे नुसता कोळसा, आणि हे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार आहेत. किट्ट म्हणा. हे क्षार पाण्यात विरघळतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. मुंबईच्या पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तशा हवेत हे किट्ट आपोआप मऊ राहतं. ॲरिझोनात मे महिन्यात दुपारी दोन वाजता मात्र चार बारांत ते पाटीवरच्या खडूसारखं कडक होतं.

कडक झालं की काय होतं? गोळी आहे मऊ शिशाची, वीस भाग शिसं आणि एक भाग कथील. तिच्या अंगावरच्या खाचांत भरलेलं वंगण नळीच्या पहिल्या दीड-दोन फुटांत संपतं आणि शेवटचे चार-पाच इंच कोरडे राहतात. तिथे किट्टाचं कडं धरतं. पुढची गोळी त्यावरून खरवडत जाते, तिचं शिसं आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, भरतं. मग निशाणावर छिद्रं आधी वर-खाली पसरतात आणि नंतर कुठेही जातात. गडी दृष्टीला दोष देतो, वाऱ्याला देतो, नेम धरायची पुढची माशी बदलतो, शेवटी रायफल विकतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. पाच बार झाल्यावर नळीचं तोंड बघा. कडेला वंगणाची ओलसर चांदणी उमटली असेल तर वंगण शेवटपर्यंत पोचतंय. तोंड राखाडी आणि कोरडं असेल तर समजा, आत कडं धरलंय.

आता फुंकायचं कसं. मेणबत्ती विझवताना मारतो ती फुंकर नको. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण ‘हाः’ करतो ना, तो पोटातला ओला श्वास हवा. सावकाश तीन ते पाच वेळा. किती ते हवा बघून ठरवा, पण एकदा ठरवलं की दर बाराला तेवढेच. पहिल्या बाराला तीन, दुसऱ्याला गप्पांच्या नादात सात, तिसऱ्याला विसरलात, तर त्यापेक्षा फुंकणी घरीच ठेवलेली बरी. चेंबरमध्ये थेंब साचू देऊ नका. भिजलेल्या चेंबरमध्ये काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का मागच्या ठोकळ्यावर येतो. बोटाला चिंधी गुंडाळून तेवढी जागा कोरडी करा. आणि नळी फारच तापली की श्वासाची वाफ क्षणात उडून जाते. तेव्हा फुंकणीचा हट्ट सोडायचा आणि गजाला चिंधी लावायची : दोन ओल्या, एक कोरडी, दर बारानंतर.

इथे कोणीतरी म्हणणारच, की पूर्वीचे लोक कुठे एवढे सोपस्कार करत होते? करत होते. त्यासाठी क्रीडमूरची गोष्ट सांगावी लागेल. तुमच्यापैकी निम्म्यांना ती पाठ आहे, पण ती चुकीची पाठ आहे, म्हणून सांगतो.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचं मैदान. तारीख २६ सप्टेंबर १८७४. आयर्लंडच्या संघाने आदल्या वर्षी विम्बल्डनला इंग्लंड आणि स्कॉटलंडला हरवून एल्को शील्ड ही नेमबाजीची ढाल नेली होती. जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, तसं त्यांनी अमेरिकेला आव्हान दिलं. अमेरिकेत तोवर हजार यार्डांवरची नेमबाजी अशी नव्हतीच. शार्प्स आणि रेमिंग्टन या दोन कारखान्यांनी लांब पल्ल्याच्या खास रायफली करून दिल्या, त्या मागून भरायच्या. आयरिश आले आपल्या रिग्बी रायफली घेऊन, त्या ठासणीच्या, म्हणजे दारू-गोळी तोंडातून ठासायच्या. ज्याच्या कारखान्यातल्या रायफली, तो जॉन रिग्बी स्वतः संघात.

सहा-सहा जण. ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक पल्ल्यावर माणशी १५ बार. म्हणजे एका संघाचे २७० बार. मधल्या काळ्या चौकोनाला चार गुण. शेवटच्या बाराला आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०, आणि बार उरलेला कर्नल जॉन बोडाइन यांचा. तहान लागली म्हणून त्यांनी जिंजर बिअरची बाटली हातात घेतली आणि ती फुटली. उजवा तळहात कापला. हाताला रुमाल गुंडाळून ते पालथे पडले, नेम धरला, बार काढला. हजार यार्डांवरून लोखंडी निशाणाचा आवाज यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ ते सगळं मैदान कसं असेल, तुम्हीच विचार करा. मग निशाणावर पांढरी तबकडी वर आली. चार गुण. ९३४ विरुद्ध ९३१.

इथवर सगळे सांगतात, आणि मग ठासून सांगतात की मागून भरायच्या रायफलीने ठासणीच्या रायफलीचा पराभव केला, युग बदललं, वगैरे. अहो, पण त्याच सामन्यात आयर्लंडच्या मिलनर यांनी एक गोळी बरोबर मधोमध मारली होती, फक्त शेजारच्या निशाणावर! गुण शून्य. ते चार धरले असते तर आयर्लंड ९३५. युग एका माणसाच्या निशाण चुकण्यावर बदलत असेल तर त्या युगाचं काय घेऊन बसलात? त्याहून पुढचे आकडे कोणी बघतच नाही. ८०० यार्डांवर अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. ठीक. ९०० वर अमेरिका ३१०, आयर्लंड ३१२. १००० वर अमेरिका २९८, आयर्लंड ३०२. पल्ला वाढला तसे ठासणीवाले पुढे आहेत. सामना गेला तो ८०० यार्डांवरच्या नऊ गुणांनी.

ठासणीची रायफल लांब पल्ल्यावर अशी का टिकली? माझ्या मते उत्तर गजात आहे. ठासणीच्या सामन्याच्या रायफलीत पुढची गोळी नीट बसवायची तर नळी पुसूनच घ्यावी लागते, नाहीतर गोळी अर्ध्यात अडते. म्हणजे दर बाराला नळीची स्थिती तीच. मागून भरणाऱ्याला ही सक्ती नाही. त्याची गोळी किट्टाच्या मागेच बसते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला कळतच नाही. सोय झाली आणि शिस्त गेली. ती शिस्त परत आणायचं साधन म्हणजे फुंकणी.

चिटणीसांची चिठ्ठी आली आहे : ‘वीस मिनिटं’. चहावाल्यांना सांगा, घाई नको.

काडतूस भरण्याबद्दल. .४५-७० या नावातच हिशेब आहे : .४५ इंचाची गोळी, ७० ग्रेन दारू. ग्रेन डोक्यात बसत नसेल तर तोळ्यात मोजा, १८० ग्रेनचा एक तोळा. लांब पल्ल्याची ५३५ ग्रेनची गोळी म्हणजे जवळजवळ तीन तोळे शिसं. हे सोनं असतं तर आपण इतकं लांब फेकलं नसतं. दारू ‘दोन एफ’ किंवा ‘दीड एफ’ दाण्याची. दोन फुटी पितळी नळीतून ती सावकाश ओता, म्हणजे दाणे आपसांत नीट बसतात. वर सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पुठ्ठ्याची चकती. मग साच्याने दाबा, आणि दाब चकतीवर द्या. गोळीने दारू दाबायला गेलात तर मऊ शिसं फुगतं आणि काडतूस चेंबरमध्ये जात नाही. किती दाबायचं ते दारूच्या ब्रँडवर आहे : गोएक्सला जास्त दाब मानवतो, स्विसला अगदी थोडा.

दोन गोष्टी मात्र मतभेदाच्या नाहीत. दारू आणि गोळी यांच्यात रिकामी जागा ठेवायची नाही. तिच्यामुळे नळीला आतून फुगवट्याचं कडं येतं आणि ते कधी जात नाही. आणि काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू कधीही, चुकूनही भरायची नाही. फुसका बार परवडला. त्यात निदान हात-डोळे शाबूत राहतात.

वंगण म्हणजे मधमाश्यांचं मेण आणि चरबी किंवा तेल, साधारण निम्मं निम्मं; उन्हाळ्यात मेण वाढवा. चरबी आणि काडतूस हे शब्द एका वाक्यात आले की आपल्याला १८५७ आठवतं, आणि ते योग्यच आहे. ती एनफिल्ड ठासणीची होती, तिच्या कागदी काडतुसाचं टोक दातांनी तोडावं लागे. मेणात ऑलिव्ह तेल घालून शाकाहारी वंगणही उत्तम होतं. कंपनीला ते वेळेवर सुचलं नाही. खनिज तेल मात्र नको, किट्टाशी मिळून त्याचं डांबर होतं.

जुनी रायफल घेणाऱ्यांसाठी एकच टीप. मार्टिनी-हेन्री, ब्रिटिश फौजेची १८७१ ची रायफल, खैबर खिंडीतल्या लोहारांनी इतकी हुबेहूब केली आहे की राणीचा मुकुटही कोरलेला सापडतो. फक्त इंग्रजी ‘एन’ उलटा असतो. ती भिंतीवर शोभते. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून आलेल्या अस्सल आहेत, पण दीडशे वर्षांच्या ग्रीसखाली काय दडलंय ते बंदूक-कारागिराने बघितल्याशिवाय बार नको. आणि खरेदीआधी आपल्या राज्याचा कायदा वाचा. इथे १८९८ पर्यंतची जुनी बंदूक आणि तिची आजची नक्कल यांना केंद्रीय कायदा वेगळं वागवतो; भारतातल्या भावाला हे ऐकून लगेच ऑर्डर द्यायला सांगू नका.

पाच मिनिटं? बरं. म्हणजे छापलेल्या विषयाला पाच मिनिटं.

हजार यार्ड. गोळी सेकंदाला बाराशे-तेराशे फुटांनी निघते आणि पोचायला तीन सेकंदांहून जास्त घेते. तेवढ्या वेळात ती इतकी खाली येते की नळी अक्षरशः आभाळाकडे धरावी लागते. म्हणून दस्त्याच्या मानेवर ती उंच उभी व्हर्नियर शिडी, म्हणजे नेमाची उंची बारीक मापाने बदलायची पट्टी, असते. तिचा एक मिनिटाचा (म्हणजे अंशाच्या साठाव्या हिश्श्याचा) भाग हजार यार्डांवर साडेदहा इंच. पुढच्या माशीत पाण्याची बुडबुडी असते, ती शोभेची नाही : रायफल एक अंश जरी कलली तरी गोळी दोन फुटांहून जास्त बाजूला जाते. वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला तर दीड-दोन फूट वर-खाली. म्हणून गोळ्या तोलून एका ग्रेनच्या आत निवडायच्या. आणि म्हणूनच पुन्हा किट्ट, कारण वेग बदलतो तो तिथेच.

वारा. तो राहिलाच. निशाणापाशी झेंडा काय म्हणतो याच्याइतकंच तुमच्या पायाशी गवत काय करतंय ते बघा. गोळी सुरुवातीलाच ढकलली गेली की उरलेला सगळा पल्ला ती तशीच वाहवत जाते. वारा फिरला तर शिडी फिरवत बसू नका, तोच वारा परत येईपर्यंत थांबा. थांबलात तर मध्ये पुन्हा फुंका, किट्ट तेवढ्यात वाळतं.

घरी गेल्यावर आधी रायफल, मग जेवण. साबणाचं पाणी, चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत, मग कोरडी, मग तेल. एक रात्र तशीच राहिली तर सकाळी गंज. रिकामी काडतुसं मैदानावरूनच साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकून आणा. शिसं हाताळलेले हात धुतल्याशिवाय चिवड्याला हात लावायचा नाही, हे आत्ता चहाच्या वेळीही लागू आहे, कारण साच्यातल्या गोळ्या मघाशी सगळ्यांच्या हातांतून फिरल्या आहेत.

फुंकणी इथे टेबलावर ठेवतो. बघा, माप घ्या. तोंडाला लावायची असेल तर मात्र आपापली करा.